'वाळीत टाकणे' : मुलांसह की मुलांवाचून?

रानजाई : पेनसिल्व्हेनियातील एका आमिश (अमेरिकेतील जुन्या रीतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) आईच्या मुलाखतीचा अनुवाद करताना मी 'माइडुंग' या शब्दापाशी अडले आहे. बाप्तिस्मा घेऊन मग पंथ सोडणाऱ्याबरोबर घरच्यांनीही एका मेजावर जेवायचे नाही आणि त्याच्या हातातून वस्तू घ्यायची नाही, असा तो दंडक आहे. मी 'वाळीत टाकणे' लिहिले. संपादकांनी ते खोडून 'बहिष्कार' केले. माझी अडचण मात्र निराळी आहे. या आईचा थोरला बाप्तिस्म्यानंतर बाहेर पडला, म्हणून तो घरी आला की त्याचे मेज बोटभर अंतरावर मांडतात आणि दोन्ही मेजांवर एकच चादर अंथरतात. धाकटी बाप्तिस्म्याची शपथ घेण्याआधीच गेली, म्हणून ती आईला लागून बसते. हा भेद कोणत्या शब्दाने दाखवावा?

खाडीकाठ : माझ्या आजोबांना गावकीने वाळीत टाकले, तेव्हा आई सात वर्षांची होती. विहिरीवर तिची कळशी वेगळी ठेवायला लावत आणि सागरगोटे खेळायला तिला कोणी घेत नसे. आमच्याकडे माणूस नव्हे, अख्खे घर वाळीत जाते. ज्या दंडात शपथ न घेतलेले मूल सुटते, त्याला हा शब्द लावू नये, असे मला मनापासून वाटते.

उंबरठा : 'वाळीत' म्हणजे झाडावरच वाळू दिलेली फांदी, पाणी तोडले की ती आपोआप वाळते. याहून नेमका शब्द मिळणार नाही.

व्युत्पन्न : ही व्युत्पत्ती मला पटत नाही. फांदी वाळते ते क्रियापद अकर्मक आहे. जुन्या मराठीत 'वर्ज्य करणे' या अर्थाचे सकर्मक 'वाळणे' स्वतंत्रपणे येते आणि 'वाळीत' त्यातून आले. 'बहिष्कार' हा शब्द 2016च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही आहे, म्हणून संपादकांचा आग्रह समजतो. पण आज आपण मालावर आणि मतदानावरही बहिष्कार घालतो, तेव्हा त्यातली घरातली बोच बोथट झाली आहे. मी 'संसर्गवर्जन' सुचवीन.

उंबरठा : असा शब्द कोणती आई तोंडाने उच्चारील? आणि मुले सुटतात हे तरी कितपत खरे? आळंदीच्या चार भावंडांना 'संन्याशाची पोरे' म्हणून बापाचा दंड भोगावा लागला, असे परंपरा सांगते. आमिश मुलांची शाळा आठवीला संपते. 1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आईबापांचा तो हक्क मान्य केला. मग अठराव्या-विसाव्या वर्षी जी शपथ घ्यायची, ती बाहेरचे जग किती पाहून घेतली जाते?

रानजाई : हा प्रश्न मलाही छळतो, तरी त्या बाईंनी शपथेची रेघ इतक्या स्पष्टपणे सांगितली आहे की ती पुसण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. तूर्त 'माइडुंग' तसाच ठेवून पहिल्या वेळी मेजाचे वर्णन देते आहे.

व्युत्पन्न : परका शब्द तसाच ठेवणे ही हार आहे. 'पंक्तिभेद' का नको? पंगतीतून उठवणे आपल्याला नवे नाही.

खाडीकाठ : पंक्तिभेदात माणूस पंगतीत असतो, फक्त वाढण्यात दुजाभाव होतो, तेव्हा तोही नको. काल आईला विचारले. ती म्हणाली की त्यांच्या घरात 'टाकले' असे कोणी कधी म्हटले नाही, 'आपण वाळीत पडलो' असेच म्हणत. हे 'पडणे' इतर कोणाच्या भागात ऐकले आहे काय?