मदत हवी आहे : गुडघा बदलल्यानंतर तो आखडू नये म्हणून काय करावे?

आईच्या उजव्या गुडघ्यातील कूर्चा पूर्ण झिजल्यामुळे पुढील महिन्यात तिच्यावर सांधेरोपणाची शस्त्रक्रिया होणार आहे. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने चालवतात आणि पहिल्या काही आठवड्यांत गुडघा निदान 90 अंशांपर्यंत वाकणे, तसेच तो पूर्ण सरळ होणे महत्त्वाचे असते, हे डॉक्टरांनी समजावले आहे. मात्र आई वेदनेला फार घाबरते आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची तिची जुनी सवय, जी आता चालणार नाही, सुटेल की नाही, याचीच मला सर्वाधिक काळजी वाटते. ज्यांनी घरी अशा रुग्णाची शुश्रूषा केली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की व्यायामासाठी तिचे मन कसे वळवावे आणि रात्रीची ठणक साधारण कधी कमी झाली?