पॅरिश, स्पिन्स्टर आणि घोडनवरी

पाटीवरचा_खडू : माझी भाची इंग्लंडात, नॉरफोकला दिलीय. जावईबापूंनी चर्चच्या जुन्या वह्या धुंडाळून घराण्याच्या 8 पिढ्या काढल्यात. ताईला ते सगळं मराठीत वाचायचंय, म्हणून काम माझ्या गळ्यात. 1769 सालच्या लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्या नावापुढे 'ऑफ धिस पॅरिश' (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख) आहे आणि नवरीपुढे 'स्पिन्स्टर'. मी आपलं 'या धर्मक्षेत्रातील प्रौढ कुमारिका' असं ठोकून दिलं. रात्री ताईचा फोन, "जावयांच्या घरात घोडनवरी करून आणली होती का रे?" अहो, पोरगी 19 वर्षांची होती! दोन्ही शब्दांना काय लिहू?

मोडीवेडा : स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. पुढे कायद्याच्या कागदात 'लग्न न झालेली' एवढाच अर्थ उरला, मग वय 19 असो की 60. कुत्सित छटा मागाहून चिकटली. इंग्लंडच्या लग्ननोंदणीत हा शब्द 2005 सालापर्यंत होता. सरळ 'कुमारी' लिहा.

सायीचं_दही : कुमारी शाळेच्या दाखल्यावर शोभतं. लग्न म्हटलं की चि. सौ. कां.!

मोडीवेडा : तो घरच्यांचा आशीर्वाद झाला. नोंद करणारा पाद्री तिचा मामा नव्हता.

शुद्धमती : 'धर्मक्षेत्र' म्हटलं की वाचक थेट कुरुक्षेत्रावर जातो. पॅरिशला 'परगणा' घ्या. अर्थही जुळतो, उच्चारही. परकीय शब्द कशाला?

कोरा_चहा : परगणा फारसीतून आलाय, ताई. 😀 शिवाय परगण्यात गावंच्या गावं असतात. पॅरिश बहुतेक ठिकाणी एखाद्या गावाएवढीच.

शुद्धमती : मग 'परीश' लिहा. परि + ईश, देवाच्या भोवतालचा प्रदेश. मूळ आपलंच असणार.

मोडीवेडा : मूळ ग्रीक आहे, 'पॅरोइकिया'. पॅरा म्हणजे जवळ, ओइकोस म्हणजे घर. त्यातला ओइकोस आणि आपला संस्कृत 'वेश' (घर या अर्थाचा) हे मात्र खरोखर भाऊबंद आहेत. पण ईश नाही हो.

कोरा_चहा : म्हणजे गावाची वेस पण त्यातलीच?

मोडीवेडा : तुम्हाला उत्तर देण्यात अर्थ नाही.

आगाशीकर : सगळे नवे शब्द पाडत बसलेत, इथे शब्द तयार आहे. आमच्या वसईच्या ख्रिस्ती मराठीत पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात, त्याच्या वरचा तो 'धर्मप्रांत'. बाप्तिस्म्याला 'स्नानसंस्कार'. गोव्याकडे पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून 'फिर्गज'. मराठी काय फक्त सदाशिव पेठेत बोलतात?

पाटीवरचा_खडू : धर्मग्राम झकास आहे! लिहूनच टाकतो.

मोडीवेडा : जरा थांबा. वसईत धर्मग्राम बरोबर, पण 1769च्या इंग्लंडात पॅरिश हा नुसता देवळाचा मामला नव्हता. गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर होती. 1662च्या कायद्याने तर कुणाचा भार कुठल्या पॅरिशने उचलायचा तेही बांधून दिलं होतं. उपरा माणूस अंगावर पडेलसा वाटला, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये धाडून देत. या वह्या ठेवायचा हुकूमही राजाच्या कारभाऱ्याचा, थॉमस क्रॉमवेलचा, 1538 सालचा. तेव्हा 'ऑफ धिस पॅरिश'मध्ये भक्तिभाव शोधू नका. जुन्या कागदात आपण 'रा. मौजे अमुक' लिहितो, तेवढंच ते. 'राहणार याच गावची' लिहा.

आगाशीकर : म्हणजे पॅरिश शब्दच गाळायचा? याला भाषांतर म्हणत नाहीत, पळवाट म्हणतात.

मोडीवेडा : शब्दाला शब्द ठेवूनच घोडनवरी झाली ना?

पाटीवरचा_खडू : भांडू नका. आणखी एक. नवऱ्याने सही केलीय आणि नवरीच्या नावाशी नुसती फुली. 'हर मार्क' असं लिहिलंय.

मोडीवेडा : वा! 'निशाणी फुली'. आपल्या कागदांवर कुणब्याची 'निशाणी नांगर' असते, तशी. हे मात्र डोळे मिटून लिहा. 1754पासून वधूवरांची सही किंवा खूण, दोन साक्षीदार आणि त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा पुकारा (कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून) नाहीतर परवाना, असा नियमच झाला.

आगाशीकर : आमच्याकडे अजून पुकारतात. माझ्या वेळी मागच्या बाकावरून एक चुलता उगाच खोकला, आईच्या काळजाचं पाणी झालं.

कोरा_चहा : पण ती 19चीच कशावरून?

पाटीवरचा_खडू : बाप्तिस्मा फेब्रुवारी 1749, लग्न मे 1769. आता मोजलं तर 20 होतात की! जावयांनी 19 लिहिलंय.

मोडीवेडा : जावई बरोबर आहेत. तेव्हा इंग्लंडात वर्ष 25 मार्चला पालटायचं, आपलं चैत्रात पालटतं तसं. 1749च्या डिसेंबरनंतर जो फेब्रुवारी आला तोही 1749च. आपल्या हिशेबाने 1750. ही पद्धत 1752पासून बंद झाली. पण तिथे 'जन्म' लिहू नका हं. वहीत बाप्तिस्म्याची तारीख आहे, पोर आधीच जन्मलेली असणार. जन्माची सरकारी नोंद 1 जुलै 1837पासून.

शुद्धमती : त्याला 'नागरी नोंदणी' म्हणावे.

कोरा_चहा : आमच्या गावात त्याला कोतवाल बुक म्हणतात. आजोबांची नोंद त्यातच सापडली.

शुद्धमती : 'बुक' मराठी नाही.

कोरा_चहा : कोतवालाला सांगा.

पाटीवरचा_खडू : मंडळी, पॅरिशचं काय ठरलं? ताई उद्या विचारणार.

सायीचं_दही : सॉरी, मध्येच विचारते. चि. सौ. कां. मध्ये 'कां'वर अनुस्वार हवाच ना? पुतणीची पत्रिका छापायला जायचीय आणि व्याह्यांनी 'का' करून पाठवलंय.

शुद्धमती : हवाच! सौभाग्यकांक्षिणी. व्याह्यांना कळवा.

आगाशीकर : व्याह्यांना नका कळवू. पुकारा व्हायचाय अजून.