हायस्कुलात माध्यान्ह आहार आणि कँटीन एकत्र: पैसे कसे घ्यावेत, माप कसं तपासावं?

पीटीए_डिचोली

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी. पाचवीत २८ मुलं, सहावी ते आठवीत ९०. यांना माध्यान्ह आहार बाहेरून शिजवून येतो, बहुतेक दिवस भाजी-पाव. केंद्राची योजना आठवीपर्यंतच, म्हणून नववी-दहावीची ६४ मुलं शाळेच्या कँटीनमध्ये विकत खातात. जूनपासून कँटीनची जबाबदारी पालक-शिक्षक संघाकडे आली आहे.

दोन प्रश्न.

१) रोख घेणं बंद करायचं आहे. सुट्टी २० मिनिटांची, त्यातली दहा सुट्या पैशांतच जातात. क्यूआर, कार्ड की कूपन? शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे.

२) आहार पुरेसा आहे की नाही हे आम्ही पालकांनी कशावरून ओळखायचं? भाजी पातळ असते अशी तक्रार आहे, पण “पातळ” हे काही माप नव्हे.

---

तराजू

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे आकडे ठरलेले आहेत.

पीएम पोषण, म्हणजे केंद्राची माध्यान्ह आहार योजना, तिचं माप दोन प्रकारचं. पहिली ते पाचवी: धान्य १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवी: धान्य १५०, कडधान्य ३०, भाजी ७५, तेल साडेसात, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. ही सगळी वजनं कच्च्या मालाची, शिजलेल्या भाजीची नव्हेत.

तुमच्याकडे पहिली अडचण इथेच असणार. पाचवी हायस्कुलात बसते, पण माप प्राथमिकचं. वाढणाऱ्या बाई सगळ्यांना एकाच डावाने वाढतात, आणि तो डाव बहुतेक वेळा लहान मापाचाच असतो. आठवीच्या मुलाचा एक तृतीयांश वाटा असा रोज कमी होतो.

तुमच्या पटावर हिशेब: कडधान्य २८ × २० = ५६० ग्रॅम, ९० × ३० = २,७०० ग्रॅम; एकूण ३ किलो २६० ग्रॅम सुकं. भाजी ८ किलो १५० ग्रॅम, तेल ८१५ ग्रॅम. पूर्ण हजेरीला इतका माल पातेल्यात पडायला हवा. हजेरी कमी असेल तर त्या प्रमाणात.

आता “पातळ” मोजायची रीत. वाटाणे, चवळी, अळसांदे (मोठी चवळी) भिजवून शिजवले की वजन साधारण सव्वादोन ते अडीच पट होतं. म्हणजे पाचवीच्या वाटीत ४५ ते ५० ग्रॅम आणि सातवीच्या वाटीत ६५ ते ७५ ग्रॅम शिजलेले दाणे यायला हवेत. एक वाढ (एका मुलाला वाढतात तेवढी भाजी) घ्या, पिठाच्या चाळणीत ओता, दोन मिनिटं निथळू द्या, बटाट्याच्या फोडी बाजूला काढा आणि दाणे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. भांड्याचं वजन आधी शून्य करून घ्यायला विसरू नका. एका वाढीवरून निष्कर्ष नको; पातेल्याच्या वरून, मधून आणि तळातून अशा तीन वाढी तोला. दाणे तळाशी बसतात. पहिल्या रांगेला पाणी आणि शेवटच्या रांगेला लगदा मिळतो तो त्यामुळेच. मग दोष मालाचा नसतो, डाव तळापर्यंत न घालण्याचा असतो.

---

ताटवाटी

वरच्या हिशेबात पावाची गोष्ट राहिली, आणि खरी गोम तिथे आहे.

४० ग्रॅमच्या पावात पीठ साधारण २५ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम धान्याला चार पाव आणि १५० ग्रॅमला सहा. दिले जातात दोन. दोन पावांच्या साधारण २१० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. त्यात ३० ग्रॅम कडधान्याचे १०० कॅलरी आणि सात ग्रॅम, तेलाच्या ६७ कॅलरी, भाजीचं किरकोळ. बेरीज ४०० कॅलरी आणि साडेचौदा ग्रॅमच्या आसपास. हवेत ७०० आणि २०. भाजी अगदी मापाने दिली तरी आठवीच्या मुलाचा आहार भाजी-पावाने भरत नाही. पाव ४० ग्रॅमचा आहे हेही गृहीत धरू नका, दहा पाव एकदम तोलून सरासरी काढा.

पाव वाढवून उपयोग नाही. चार पाव कोरडे कोण खाणार, टाकूनच देतील. आठवड्यातले निदान दोन दिवस भाताचे मागा: डाळ-भात-भाजी किंवा कडधान्य घातलेला पुलाव. १५० ग्रॅम तांदळाच्या ५२० कॅलरी एकट्या भातातूनच येतात. पावाच्या दिवशी तोणाकात (कडधान्याच्या रसभाजीत) माणशी १० ग्रॅम सोयाबीन वडी घातली तर पाच ग्रॅम प्रथिनं वाढतात. ती गरम पाण्यात भिजवून, पिळून, कुस्करून घाला. अख्खी दिसली की मुलं वेचून काढतात. उकडलेलं अंडं सहा ग्रॅम देतं, पण ते न खाणाऱ्यांसाठी शेंगदाणा चिक्की किंवा केळं त्याच दिवशी असावं.

खर्चाचा दर लक्षात ठेवा. मे २०२५ पासून साहित्याचा किमान दर प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. धान्य त्यापासून वेगळं. तुमच्या शाळेचे पूर्ण हजेरीला दिवसाचे १,१०५ रुपये होतात. एवढ्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस बसवायचा आहे. पुरवणाऱ्या बायकांशी बोलताना हा आकडा डोक्यात असू द्या. रोज काजू-पनीर मागून काही होणार नाही.

---

अन्न_सुरक्षा_पणजी

चव आणि वजन ठीक, पण वेळ बघा. ओल्या खोबऱ्याचं वाटण असलेली भाजी आपल्या हवेत, त्यातही मे-जून आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, फार लवकर आंबते. सकाळी सहाला शिजवून, डबा घट्ट लावून साडेदहाला उघडणं हे सगळ्यात धोक्याचं. डब्यातली भाजी गरमही राहत नाही आणि गारही होत नाही.

नियम सोपा: डबा शाळेत पोहोचला की मधोमध थर्मामीटर खुपसायचा. ६० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर वाढा. खाली असेल तर शिजवून किती वेळ झाला ते विचारा. दोन तासांच्या आत असेल तर पूर्ण उकळी आणून वाढता येईल, जास्त झाला असेल तर परत पाठवा. पुलावाच्या बाबतीत “परत गरम करू” हे चालतच नाही. कोमट भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष उकळूनही नष्ट होत नाही, आणि अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

वाढण्याआधी एका शिक्षकाने चव घेऊन वहीत वेळ आणि सही टाकावी. आपल्याकडे ती सही महिन्याच्या शेवटी एकदम तीस होते, ते बंद करा. एक वाटी नमुना झाकून, तारीख लिहून फ्रीजमध्ये २४ तास ठेवा.

आणि कँटीन आता तुमचं आहे, तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक संघाच्या किंवा चालवणाऱ्याच्या नावावर असायला हवा. जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांत विकायचे नाहीत, हा नियम १ जुलै २०२१ पासून आहे. शीतपेयं आणि पाकिटातले वेफर्स काढून टाका. कोकम सरबत ठेवणार असाल तर साखर मोजून घाला.

---

हिशेबनीस

पहिल्या प्रश्नावर. मोबाइलबंदी असेल तर काउंटरवरचा क्यूआर बाद. यूपीआय सर्कल (पालकाच्या खात्यातून मुलाला पैसे देऊ देणारी सोय) वगैरेलाही मुलाच्या हातात फोन लागतोच. टॅप करायचं कार्ड १८२ मुलांच्या शाळेला महागात पडतं, आणि पावसात वीज गेली की यंत्र बंद, रांग तशीच.

छापील कूपन घ्या, पण पैसे काउंटरवर घेऊ नका. पालक महिन्याच्या सुरुवातीला संघाच्या बँक खात्यावर यूपीआयने भरतील, शेऱ्यात “९अ १७” असा वर्ग आणि हजेरी क्रमांक. खातं संघाचंच हवं, दोन सह्यांचं. कोणा बाईंच्या वैयक्तिक नंबरवर नको. पैसे आले याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट धरू नका, खोटे सहज बनतात. बँकेचं स्टेटमेंट उतरवून १२ अंकी व्यवहार क्रमांक जुळवा. आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचं काम.

कूपनवर अनुक्रमांक, महिन्याचा रंग आणि संघाचा शिक्का. रकमेचं नको, पदार्थाचं करा: एक कूपन एक जेवण. दर वाढला तर जुन्या कूपनांची भानगड उरत नाही. घेतलेलं कूपन तिथेच कोपरा फाडून डब्यात टाकायचं, नाहीतर तेच परत फिरतं. संध्याकाळी डब्यातली कूपनं आणि गेलेल्या प्लेटी जुळल्या पाहिजेत. दोन-तीनचा फरक रोज एकाच दिशेने पडत असेल तर चूक मोजण्यात नाही.

ज्याच्या घरून पैसे आले नाहीत, त्याचं काय हे आधीच ठरवा. वर्गशिक्षकांकडे दर महिन्याला दहा कूपनं, त्याच रंगाची, त्याच शिक्क्याची. वहीत फक्त अनुक्रमांक, नाव नाही. “मोफत” असा शिक्का मारलात की ते मूल दुसऱ्या दिवसापासून उपाशी राहील.

---

पीटीए_डिचोली

आभार सगळ्यांचे. आज चाळण आणि काटा घेऊन गेलो. पातेल्यातून तीन वाढी: वरची २२ ग्रॅम, मधली ४१, तळातली ७८. पाव सरासरी ३६ ग्रॅम. आता हे पुरवणाऱ्यांना सांगायचं कसं?

---

तराजू

आकडे घेऊन भांडायला जाऊ नका. ७८ तळात आहेत म्हणजे माल बहुधा पडतोय, सरासरी ४७ येते ती प्राथमिकच्या मापाची. त्यांना आधी विचारा की रोजची ऑर्डर कोणत्या पटावर येते. पुष्कळदा शाळेकडून जाणाऱ्या चिठ्ठीत “एकूण ११८” एवढंच लिहिलेलं असतं. उद्यापासून “प्राथमिक २८, उच्च प्राथमिक ९०” असे दोन आकडे लिहून पाठवा आणि दोन वेगळे डाव मागा. आठवड्याने परत चाळण काढा. तेव्हाही ४७ च आले तर मुख्याध्यापकांच्या सहीने तारीखवार वजनं भागशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या.