वसंताच्या तोंडावर रानटी स्टीलहेडसाठी गळ टाकावा का?

नदीकाठ (धागाकर्ता):

सिएटलच्या परिसरात राहणाऱ्या आणि फ्लाय फिशिंगचा, म्हणजे हाताने बांधलेली कृत्रिम माशी गळाला लावून मासे पकडण्याचा, छंद असणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा मार्चमधला बेत ठरलेला असतो: शनिवारी भल्या पहाटे निघायचे आणि ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या होह किंवा सोल डक नदीत मांडीभर गार पाण्यात उभे राहून स्टीलहेडची वाट पाहायची. मीही अनेक वर्षे हेच केले. यंदा मात्र मी जाणार नाही आणि इतरांनीही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढलेला रेनबो ट्राउटच. पॅसिफिक सॅमन एकदा अंडी घालून मरतो. स्टीलहेड जगला तर समुद्रात परततो आणि पुन्हा अंडी घालायला येऊ शकतो. म्हणून या दिवसांतली एकेक मादी मोलाची आहे. ती गाबोळीने भरलेली असते, नदीत शिरल्यापासून फारसे खात नाही आणि अंगातल्या साठ्यावरच प्रवाहाविरुद्ध चढत जाऊन, तळाच्या खड्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते. अशा मादीला दमेपर्यंत दोरावर खेळवायचे आणि मग सोडून दिल्याचे समाधान मानायचे, हे मला आता पटत नाही. कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे टोपल्या भरभरून नेले जातात, तेव्हा आपण हळहळतो. इथे टोपली नाही, पण वेळ तीच आहे.

खंड्या:

आपली कळकळ मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. रानटी, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात न वाढवलेला, स्टीलहेड कमी झाला तो धरणे, जंगलतोड, समुद्रातली बदलती परिस्थिती आणि पूर्वीची बेसुमार मासेमारी यांमुळे. हाताने बांधलेली माशी पाण्यात सोडणाऱ्यामुळे नव्हे. द्वीपकल्पातल्या नद्यांवर रानटी स्टीलहेड घरी नेण्यास 2016 पासून मनाई आहे. 2020 च्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या नद्यांत होडीतून गळ टाकणे आणि आमिष वापरणेही बंद झाले. उलटा दात नसलेला गळच वापरावा लागतो आणि रानटी मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलता येत नाही. मार्चमधले पाणी जेमतेम 5 अंशांचे असते आणि मासा सुस्त असतो, त्यामुळे दोन्ही हातांनी धरायच्या लांब काठीने माशी प्रवाहावर आडवी, खोल आणि अतिशय संथ फिरवत दिवस काढला तरी बहुतेक वेळा एकही मासा लागत नाही.

स्कॅजिट नदीचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सिएटललगतच्या प्युजेट साउंड या खाडीतला स्टीलहेड 2007 मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला आणि पुढे स्कॅजिट व सॉक नद्यांवरचा वसंतातला हंगाम बंद झाला. तो 2018 मध्ये, पकडून सोडण्यापुरता, पुन्हा उघडला तो गळ टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून. ज्या नदीवर कोणी फिरकतच नाही, त्या नदीसाठी सभेत उठून बोलणार कोण? शिवाय आदिवासी जमाती जाळी टाकतात, मग थांबायचे ते आपणच का?

आंबेमोहोर:

शेवटचा मुद्दा मागे घ्यावा, अशी विनंती करते. त्या जमातींचा हक्क अमेरिकी सरकारशी झालेल्या करारातून आलेला आहे. न्यायाधीश बोल्ट यांच्या 1974 च्या निकालाने पकडण्याजोग्या माशांचा निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांचा असल्याचे मान्य केले आणि संवर्धनाच्या कामात त्या स्वतः अग्रभागी आहेत. एल्वा नदीवरची दोन धरणे 2011 ते 2014 या काळात पाडली गेली, त्यामागे तिथल्या क्लॅलम जमातीच्या लोकांचा दीर्घ लढा होता, आणि आज स्टीलहेड जुन्या धरणांच्या वरपर्यंत चढतो आहे.

मात्र धागाकर्त्यांशीही मी पूर्ण सहमत नाही. स्टीलहेड सोडून याकिमा नदीतल्या ट्राउटकडे वळावे, असे आता कोणीतरी सुचवेलच. तिथला रेनबोही वसंतातच अंडी घालतो. स्क्वाला माशीच्या (हा खराखुरा कीटक, ट्राउटचे खाद्य) दिवसांत एलेन्सबर्गच्या खालच्या घळीत गर्दी होते आणि लोक उथळ खड्यांवरून बेफिकीर चालत जातात. तळावर एखादा भाग धुतल्यासारखा फिकट दिसला की ते अंड्यांचे घर समजावे; त्यावर पडलेल्या एका बुटाखाली शेकडो अंडी चिरडली जाऊ शकतात. मला गळापेक्षा बुटाची भीती अधिक वाटते.

नदीकाठ:

याकिमाचे मी सुचवणारच होतो, त्यामुळे हा मुद्दा मला लागला. तिथे गेलो तर काठावरूनच माशी टाकीन. खंड्या, नदीच्या बाजूने बोलणारी माणसे हवीत हे मला मान्य आहे, पण बोलण्यासाठी माशाच्या तोंडात गळ असायलाच हवा, हे मान्य नाही. सारेच नियम पाळूनही काही मासे सोडल्यानंतर मरतात. ज्या नदीत आधीच मोजके उरले आहेत, तिथे ते ‘काही’ मला जड वाटतात.

खंड्या:

जमातींबद्दलचे वाक्य मी मागे घेतो. ते अविचाराने लिहिले गेले. बाकी मत तसेच आहे. शनिवारी मी बोगाचिएल नदीवर जाणार आहे. जाड दोर नेईन, म्हणजे झुंज लवकर आटोपेल, आणि मादी लागल्याचे दिसताच तिला हातही न लावता माशीजवळच दोर कापीन.