मदत हवी आहे: चर्चच्या जुन्या बाकांवरचा ऑइलपेंट काढावा का?

म्हापशात जुन्या सामानाच्या दुकानातून चर्चची दोन सागवानी बाकं घेतली. सरळसोट रेषा, कोरीवकाम शून्य, तिरके पाय, पाठीमागे प्रार्थनेची पुस्तकं ठेवायची अरुंद फळी. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चची आतली मांडणी बदलली, त्या सुमाराची असावीत. म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागणारा पुरावस्तू कायदा इथे लागत नाही. खरेदीची पावती आहे, वाळवी नाही, खुंटीचे सांधे घट्ट.

घोळ रंगाचा आहे. कुणीतरी वरून करडा ऑइलपेंट फासलाय. बैठकीखाली मात्र मूळ लाखेचं पॉलिश आणि स्टेन्सिलने मारलेला पुसट आकडा शाबूत आहे. वास्तुकार पिएर जनरेने चंदीगडसाठी केलेल्या खुर्च्यांना अशा आकड्यांमुळेही लिलावात भाव मिळतो; तेवढी हाव नाही, पण हा आकडा जाता कामा नये.

मेस्त (सुतार) म्हणतो, मशीनने घासून मेलामाइन पॉलिश मारूया. ते नकोच. स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला, तर पेंट ढिम्म आणि टवका उडालेल्या जागचं पॉलिशच विरघळलं!

एक बाक घरी ठेवायचंय, दुसरं विकायचंय. फ्लॅटमध्ये उग्र केमिकल वापरता येणार नाही. खालची लाख न दुखावता ऑइलपेंट कशाने उतरेल? आणि विकायचं बाक संग्राहकाला रंगासकटच दाखवावं का?