एल्क आणि म्यूल डिअर या हरणांच्या दोन्ही जातींसाठी परवडणारी एकच रायफल कोणती घ्यावी?

पाइनची_सावली:
नमस्कार. मी डेन्व्हरजवळ राहतो. कोलोरॅडोचा हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला असून यंदा म्यूल डिअरसाठी आणि पुढेमागे परवाना मिळाल्यास एल्कसाठी चालेल अशी एकच रायफल घेण्याचा विचार आहे. दुर्बिणीसह सारा खर्च १,००० डॉलरच्या आत बसवायचा आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाल्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे अशी सोय नाही, आणि दुकानदार मात्र एल्क म्हटले की .३०० विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाचीच रायफल पुढे करतो. .३०८, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसांपैकी कोणत्या काडतुसाची रायफल घ्यावी? माझी अंगकाठी बारीक आहे आणि आजवर .२२ या लहान काडतुसाच्या रायफलीखेरीज काही चालवलेले नाही.

रॉकीतला_रहिवासी:
मॅग्नमचा विचार तूर्त सोडून द्यावा. साधारण आठ पाऊंड वजनाच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का २० फूट-पाऊंडांच्या (हे ऊर्जेचे एकक) आसपास बसतो, .३०० मॅग्नमचा २५ च्या पुढे जातो, आणि नवशिक्याचा खांदा तो धक्का दोन-चार गोळ्यांतच लक्षात ठेवतो. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतात. हे पाहायचे असेल तर सरावाच्या वेळी मित्राला काडतुसे भरू द्यावीत आणि त्यांत मधेच एखादे नकली काडतूस सरकवायला सांगावे. त्या नकली काडतुसावर चाप ओढताच नळी खाली झुकलेली सगळ्यांनाच दिसते. १९०६ पासून वापरात असलेल्या .३०-०६ ने या खंडातला जवळजवळ प्रत्येक मोठा प्राणी टिपला गेला आहे आणि तिची काडतुसे आडगावच्या दुकानातही मिळतात. मी रुगर अमेरिकन ही रायफल याच काडतुसात घेईन. दस्ता प्लास्टिकचा आणि दिसायला अगदीच सामान्य आहे, पण नेम चोख लागतो.

जुना_नेमबाज:
मॅग्नमबद्दल पूर्ण सहमत, .३०-०६ बद्दल मात्र नाही. प्रश्नकर्त्यांनी अंगकाठी बारीक असल्याचे लिहिले आहे, आणि त्यांना सुचवलेली रायफल दुर्बिणीविना जेमतेम सहा-सव्वासहा पाऊंडांची आहे. हलक्या रायफलीत धक्का वाढतो, हे सोयीस्करपणे बाजूला राहिले. ६.५ क्रीडमूरचा धक्का .३०-०६ च्या तुलनेत बराच सौम्य आहे. कायद्याचे म्हणाल तर कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचांत), एल्कसाठी किमान ८५ ग्रेन वजनाची, प्रसरण पावणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाऊंड ऊर्जा एवढे लागते, आणि ६.५ या अटी सहज पूर्ण करते. मात्र एल्कचा नर तीनशे किलोंच्या घरात जातो, म्हणून ६.५ घेतल्यास तांब्याची किंवा आवरण शिशाला घट्ट जोडलेली गोळी वापरावी, अंतर २५०-३०० यार्डांच्या आत ठेवावे, आणि प्राणी कुशीची बाजू आपल्याकडे करून उभा राहीपर्यंत थांबावे. तांब्याच्या गोळीने मांसात शिशाचे कणही उतरत नाहीत, आणि घरात लहान मुले असतील तर एवढ्यासाठीच ती घ्यावी असे मला वाटते.

दऱ्याखोऱ्यातून:
दोघांच्या मधल्या .३०८ चे नाव कोणी घेतच नाही! १९५२ पासून बाजारात आहे, धक्का .३०-०६ हून थोडा कमी, आणि ३०० यार्डांच्या आत एल्कला दोघांतला फरक कळत नाही. खरा प्रश्न दस्त्याच्या लांबीचा आहे. दुकानात रायफल डोळे मिटून खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता दुर्बिणीतले वर्तुळ पूर्ण दिसले तर दस्ता तुमच्या मापाचा. रुगर अमेरिकनचा आखूड दस्त्याचा कॉम्पॅक्ट प्रकार अवश्य पाहावा. टिक्का या रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) लोण्यासारखा सरकतो, पण ती घेतली तर दुर्बिणीला फारसे पैसे उरणार नाहीत. सॅव्हेज अ‍ॅक्सिस ही रायफल यांत सर्वांत स्वस्त; तिच्यासोबत बसवून येणारी दुर्बीण मात्र मला पसंत नाही.

आणखी एक. आपण एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास त्यातून सूट मिळते, म्हणून आधी परवाना घ्यावा आणि मगच खरेदी करावी. शिवाय कोलोरॅडोत २०२३ पासून किमान तीन दिवसांची प्रतीक्षा आहे, त्यामुळे हंगामाच्या तोंडावर दुकान गाठू नये.

पाइनची_सावली:
सर्वांचे आभार. ग्रीन कार्ड असल्याने व्हिसाची अडचण नाही. .३०८ मधला कॉम्पॅक्ट प्रकार खांद्याला लावून पाहीन. ३-९ x ४० ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेल का?

रॉकीतला_रहिवासी:
पुरेल. वाढीव शक्तीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते काडतुसांसाठी ठेवावेत. २०० यार्डांवर नेम जुळवला तर .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर साधारण आठ-नऊ इंच खाली जाते, आणि तेवढे एक गणित पाठ असले की काम भागते. ज्या गोळीने शिकार करणार त्याच गोळीने नेम जुळवावा आणि डोंगरातल्या मुक्कामी पोचल्यावर, सुरक्षित जागा पाहून, एकदा पुन्हा तपासून घ्यावा, कारण कच्च्या रस्त्यावरच्या खडखडाटाने दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात.