फायबरच्या बॉनेटला वॉशरची नोझल कुठे आणि कशी बसवावीत?

लाल माती (रत्नागिरी)

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची स्विफ्ट आहे. गेल्या वर्षी उसाच्या ट्रॉलीला मागून धडक बसल्याने गाडीचे मूळ पत्र्याचे बॉनेट दुमडले आणि त्याच्या जागी मी बाजारातून फायबरचे, मागच्या भागात हवेसाठी दोन झरोके असलेले बॉनेट आणून बसवून घेतले. वजनाला ते हलके आहे आणि रंगही चांगला जुळला आहे. परंतु मूळ बॉनेटवर काचेवर पाणी उडवणारी वॉशरची जी दोन नोझल होती, त्यांच्यासाठी या नव्या बॉनेटमध्ये छिद्रेच नाहीत. “भोके काय, नंतर कधीही पाडून घ्या,” असे सांगून रंगाऱ्याने गाडी ताब्यात दिली. वॉशरची नळी सध्या बिजागरीपाशी गुंडाळून ठेवली असून तिच्या तोंडात एक स्क्रू खुपसला आहे.

भर पावसात पाणी आभाळातूनच मिळत होते, त्यामुळे काही अडले नाही. खरी अडचण पाऊस उघडल्यावर सुरू झाली, कारण पुढच्या डंपरच्या चाकांवरून उडालेला लाल चिखल वायपर पुसत नाही, तर काचेवर सारवून ठेवतो. मागच्या आठवड्यात हातखंब्याजवळ गाडी कडेला घेऊन पिण्याच्या पाण्याने काच धुवावी लागली.

छिद्रे नेमकी कुठे घ्यावीत, फायबरला तडा जाणार नाही अशा प्रकारे ती कशी पाडावीत आणि जुनीच नोझल यात बसतील का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना-पक्कड (पुणे)

ड्रिल मशीन तूर्त हातात घेऊ नका, कारण छिद्र पाडणे हे या कामातले सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे पाऊल आहे. दुमडलेले जुने बॉनेट अद्याप भंगारात गेले नसेल, तर त्याचा मागचा भाग बहुधा शाबूत असेल. त्यावर जाड कागद ठेवून नोझलच्या छिद्रांचा आणि बिजागरीच्या बोल्टांचा एकत्र ठसा घ्या. मापे बोल्टांपासूनच घ्यावीत, बॉनेटच्या कडेपासून घेऊ नयेत, कारण फायबरच्या बॉनेटची कड साच्यातून काढल्यावर हाताने कापून घासलेली असते आणि ती पाच-सात मिलिमीटरने सहज इकडेतिकडे होते.

हा ठसा मिळाला तरी तो फक्त सुरुवातीपुरता धरावा. तुमच्या बॉनेटला झरोके असल्याने जुनी जागा कदाचित नेमकी झरोक्याच्या ओठावर येईल. म्हणून जागा पाण्यानेच ठरवावी. नोझल दुहेरी चिकटपट्टीने बॉनेटवर तात्पुरते चिकटवा, खाली खोडरबराचा तुकडा ठेवून त्याला योग्य तिरकेपणा द्या, नळी बाजूच्या फटीतून बाहेर काढून जोडा आणि आत बसलेल्या माणसाला वॉशरची कळ ओढायला सांगा. गाडी उभी असताना धार काचेच्या मध्याच्या थोडी वर पडायला हवी, कारण गाडी वेगात असताना समोरचा वारा तीच धार खाली दाबतो. उभ्या गाडीत अगदी मध्यावर साधलेली धार महामार्गावर वायपरच्या बुडाशी पडते आणि मग माणूस मोटार कमजोर झाली असे समजून टाकी उघडून बसतो.

वरची जागा पसंत पडली की खालची बाजू पाहावी. फायबरच्या बऱ्याच बॉनेटांना आतून दुसरा थर असतो. नाण्याने ठोकून पाहिल्यास जिथे मध्ये पोकळी आहे तिथला आवाज वेगळा येतो. अशा जागी छिद्र घेतले, तर नोझलची शेपटी दोन थरांच्या मधेच अडकते आणि तिला नळी जोडता येत नाही. तिथे आतल्या थराला होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, अंगठा जाईल एवढे भोक पाडून घ्यावे लागते. बॉनेट बंद केल्यावर ही शेपटी वायपरच्या यंत्रणेला किंवा काचेखालच्या काळ्या जाळीला टेकणार नाही, याचीही खात्री करावी. त्यासाठी मी कणकेचा लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून त्या जागी ठेवतो, बॉनेट अलगद बंद करून उघडतो आणि गोळा किती चेपला ते पट्टीने मोजतो. घरात हसतात, पण माप अचूक मिळते.

आता छिद्राविषयी. वरच्या, म्हणजे रंगाच्या बाजूनेच ड्रिल करावे. फायबरचा वरचा जेलकोट, म्हणजे राळेचा गुळगुळीत थर, कडक आणि ठिसूळ असतो. खालून ड्रिल केल्यास बाहेर पडताना तो टवके देऊन उडतो. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, खाली लाकडाचा ठोकळा धरून ठेवा, आधी तीन मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि नंतर स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारे ड्रिल), कमी वेगावर व जोर न लावता, ते मोठे करत न्या. नोझलचा गळा व्हर्नियरने मोजून त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावे, कारण घट्ट बसवलेला गळाच पुढे उन्हात तड्याला कारण होतो. काचतंतूंची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाणे तर मुळीच बरे नाही. म्हणून मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आवश्यक आहे. छिद्राच्या उघड्या कडेला पातळ इपॉक्सीचा हात अवश्य द्यावा, अन्यथा तंतूंमधून पाणी आत झिरपते आणि वर्षभरात तिथला रंग फुगतो.

तुमची जुनी नोझल बहुधा बसणार नाहीत. त्यांचे प्लास्टिकचे कान एक मिलिमीटरहूनही पातळ पत्र्यासाठी असतात. तीन-चार मिलिमीटरच्या फायबरमधून ते खाली उघडतच नाहीत आणि नोझल नुसते डुगडुगत राहते. खालून घासून फायबर पातळ करता येते, परंतु खालून नट आवळायची, रबरी वायसरसह मिळणारी नोझल घ्यावीत, असे माझे मत आहे. नट हातानेच आवळावा.

घाटवाट (सातारा)

वरील पद्धत बिनचूक आहे, तरीही माझा सल्ला बॉनेटला हात न लावण्याचा आहे. काचेखाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्यातच नोझल बसवता येतात. माझ्या जुन्या गाडीत मी तसे केले आहे आणि त्याचा मोठा लाभ असा की नळी बिजागरीवरून न्यावी लागत नाही, त्यामुळे बॉनेट उघडताना ती चिमटण्याचा किंवा निसटण्याचा प्रश्नच उरत नाही. छिद्र चुकले तरी जाळी बदलता येते. रंगवलेले बॉनेट बदलणे खिशाला परवडणारे नाही.

पाना-पक्कड (पुणे)

घाटवाट यांचा मुद्दा रास्त आहे, मात्र त्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जाळीतले नोझल काचेच्या अगदी जवळ असल्याने धार फार उभी जाते आणि पाणी काचेवर पसरण्याऐवजी एका रेघेत पडते. तिथे साध्या दोन धारांपेक्षा पंख्यासारखा फवारा देणारे नोझल लागते, ज्याची दिशा टाचणीने हवी तशी फिरवता येत नाही. शिवाय वायपर विसावलेले असताना त्यांचे दांडे धारेच्या आड येतात की काय, हे आधी पाहावे. बॉनेटची मागची कड काचेच्या बाजूला उंच असलेल्या गाड्यांत हा पर्याय निरुपयोगी ठरतो.

टाकी भरून (नागपूर)

नोझलबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी नळी आणि पाण्यापुरते लिहितो.

नळीच्या तोंडातला तो स्क्रू आधी काढा. चुकून कळ ओढली गेली, तर बंद नळीवर दाब येऊन टाकीजवळचा एखादा जोड निसटतो आणि पाणी नकळत वाहून जाते. नवी नळी साधारण चार मिलिमीटर आतल्या व्यासाची, ईपीडीएम रबराची घ्यावी, कारण साधी पारदर्शक नळी इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून वळणावर चेपते आणि तुमच्या झरोक्यांतून तर गरम हवाच बाहेर येणार आहे. नळी त्यांच्यापासून दूर न्यावी. बिजागरीपाशी एक सैल वळण ठेवून बॉनेट पाच-सहा वेळा उघडून बंद करून पाहावे. दोन नोझलांकडे फुटणाऱ्या जोडाच्या आधी एक वन-वे व्हॉल्व्ह लावावा, बाणाचे टोक नोझलकडे ठेवून. तो नसला तर नळीतले पाणी प्रत्येक वेळी टाकीत परत जाते, आणि कळ ओढल्यावर पाणी येईपर्यंत वायपर कोरड्या धुळीवर दोन फेऱ्या मारतात; काचेवर अर्धगोल चरे पडतात ते असेच.

टाकीत बोअरचे पाणी भरू नये. क्षारांनी नोझलचे बारीक तोंड बुजते. भांडी घासायचा साबणही घालू नये.

लाल माती (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुने बॉनेट सुदैवाने गॅरेजच्या मागे पडून होते. ठसा घेतल्यावर उजवी जागा सांगितल्याप्रमाणे झरोक्याच्या ओठावरच आली, त्यामुळे दोन्ही नोझल सहा सेंटिमीटर मध्याकडे घेतली. जाळीचाही विचार केला होता, पण माझ्या गाडीत वायपरचा दांडा नेमका आड येत होता. कणकेचा गोळा उजवीकडे पार चपटा झाला, म्हणून तिकडे वाकड्या शेपटीचे नोझल शोधावे लागले. ते मिळायला आठवडा गेला. छिद्रे पाडायला मात्र वीस मिनिटेही लागली नाहीत आणि टवका एकही उडाला नाही.

काल निवळीच्या घाटात पहिली खरी परीक्षा झाली. उजवी धार बरोबर पडली. डावीकडची एक धार मात्र काच ओलांडून थेट टपावर जात होती; मागून येऊन बाजूने पुढे जाणाऱ्या दुचाकीस्वाराने चेहरा पुसत माझ्याकडे पाहिले, तेव्हा ते लक्षात आले. पुढच्या वळणावर गाडी थांबवून ती टाचणीने खाली केली.